दयाळाला उत्तर

आज सकाळी कोल्हापुरात, गच्चीवरच्या टाकीवर बसून दयाळानं शीळ घातली आणि मला चंदगडच्या आमच्या काजूबागेतली सकाळ आठवली.

थंडी सरत आली होती, मोहोराचा वास सुटला होता. मी शाळकरी पोर. फांदीवरच्या काळ्या-पांढऱ्या दयाळाला मी शीळ घालूनच उत्तर दिलं. थोरले काका ओरडले, "पोरीच्या जातीनं शिट्टी मारायची न्हाय!" तशी पाला गोळा करणारी आई ताठ उभी राहिली. थेट काकांकडं बघत तिनं लांबलचक शीळ घातली, आणि दयाळ लगेच बोलला.

तेव्हा मी घाबरले होते. आज कळतं, तशी शीळ एका दिवसात जमत नाही. आई कित्येक वर्षं लपूनछपून घालत असणार.

मी लपत नाही. टाकीकडं बघून शीळ घातली, तसे शेजारचे खिडकीतून डोकावले. बघू देत की! मी आणखी मोठ्यानं घातली.