फॉर्मवर सगळे ठणठणीत

फ्रँकफर्टच्या आमच्या मराठी मंडळींत चार माणसं जमली की प्रधानांचा किस्सा निघतोच. एकाने सांगितला की दुसरा "अरे, हे तर काहीच नाही!" म्हणत पुढे सरसावतो. इतके साठलेत की कुठला कोणाच्या घरी घडला यावरून वाद होतात. पूर्वी आम्ही ते हसायला सांगायचो. आता शेवटाकडे येईतो कोणीतरी उठून चहा टाकतं. तरी सांगते.

* * *

प्रधान मूळचे पुण्याचे मेकॅनिकल इंजिनियर. पन्नाशीत असताना इथल्या कंपनीने त्यांचं अख्खं डिपार्टमेंटच बंद केलं. त्या वयात जर्मनीत दुसरी नोकरी कुठली मिळायला! मग त्यांनी आयुर्विम्याची एजन्सी घेतली आणि फ्रँकफर्टपासून डार्मश्टाटपर्यंत एकही मराठी घर सोडलं नाही. आम्ही पॉलिसी घेतली ती थोडी गरज म्हणून आणि बरीचशी भिडेखातर.

फॉर्मवर तब्येतीचे दीड पान प्रश्न असायचे. प्रधान येतानाच एस-बान लोकलमध्ये बसून सगळीकडे 'नाइन', म्हणजे 'नाही', अशा खुणा करून ठेवायचे.

माझा नवरा विनय म्हणाला, "अहो, आधी विचारा तरी!"

"विचारतो ना," प्रधान म्हणाले. "पण पोहे गार होतात, म्हणून आधीच उरकून आणलं!"

* * *

पॉलिसीचे कागद हातात पडल्यावर चौदा दिवसांत ती मोडता येते, असा तेव्हा कायदा होता. ग्राहकाने शांतपणे विचार करावा म्हणून सरकारने दिलेली मुदत. विनयला तिसऱ्याच दिवशी पश्चात्ताप झाला. त्याने चांगलं ठणकावून जर्मनमध्ये पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं. टाकू उद्या, टाकू उद्या करत पाकीट टेबलावरच राहिलं.

तेराव्या दिवशी दारात प्रधान! हातात स्टीलचा डबा. "हिने बेसनाचे लाडू केलेत. म्हटलं, तुमच्याकडे द्यावेत."

विनयने घाईघाईने पाकिटावर वर्तमानपत्र टाकलं.

नंतर कळलं की प्रत्येकाकडे तेराव्या दिवशीच डबा गेला होता. आमच्यातल्या एकानेही पॉलिसी मोडली नाही. कायदा करणाऱ्यांना लाडवांची काय कल्पना!

* * *

प्रधान मनाने वाईट नव्हते, तीच तर पंचाईत आहे.

त्यांची एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. घरटी एक पान. वाढदिवस, मुलांच्या इयत्ता, चहात साखर किती, आणि कोणाला काय दुखतंय. भेट झाली की परतीच्या गाडीत तारीख घालून सगळं लिहायचे, म्हणजे पुढच्या वेळी आठवणीने चौकशी करता येते. गणपतीत आमच्या भाड्याच्या हॉलच्या दारात उभे राहून एकेकाला खणखणीत आवाजात विचारायचे.

"वहिनी, थायरॉईड काय म्हणतंय? कुलकर्णी, शुगर?"

कुलकर्णी चिडले. "अहो, हळू! तुमच्याच फॉर्मवर मी ठणठणीत आहे!"

"फॉर्मवर सगळेच ठणठणीत आहेत हो," प्रधान म्हणाले. "म्हणून तर तोंडी विचारावं लागतं!"

हॉलभर हशा पिकला. मीही पोट धरून हसले.

* * *

मंदार डार्मश्टाटजवळ एका कंपनीत गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायचा. आमच्यातला सगळ्यात सरळ माणूस. रस्ता रिकामा असला तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबणारा. प्रधान त्याच्याकडे फॉर्म घेऊन गेले, तेव्हा घरात तो आणि त्याची बायको स्नेहा, एवढेच होते. त्या संध्याकाळचं बोलणं स्नेहाने मला पुढे शब्द न् शब्द सांगितलं.

मंदार म्हणाला, "प्रधानकाका, हे 'नाइन' चुकलंय. गेल्या महिन्यात माझ्या छातीत दुखत होतं. दोनदा डॉक्टरकडे गेलो. ईसीजी काढला."

"काय निघालं?"

"तसं काही नाही. पण परत या म्हणालेत."

"मग गॅस असेल रे! हे असलं लिहिलं की कंपनी सहा महिने कागद मागवत बसते."

"पण मी तुम्हाला सांगितलंय हं, काका."

"ऐकलं ना मी! कर सही."

मंदारने सही केली.

* * *

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप होता त्या उन्हाळ्यात मंदार ऑफिसच्या जिन्यात कोसळला. एकेचाळीस वर्षांचा होता. मुलगी इरा तेव्हा तिसरीत होती.

त्याच्या तेराव्याला प्रधान आले. हातात डबा नव्हता. कोपऱ्यात बसून राहिले आणि कोणालाही काही न विचारता निघून गेले.

थोड्या दिवसांनी विमा कंपनीचं पत्र आलं. त्यांनी डॉक्टरकडचे कागद मागवले होते. छातीच्या दुखण्याची माहिती अर्जदाराने जाणूनबुजून दडवली, सबब करार रद्द. तो विमा मिळाला नसता तर स्नेहाला इथे राहणं अवघड होतं. इराची शाळा, मैत्रिणी, सगळं सोडून परत जावं लागलं असतं. पण स्नेहा त्याबद्दल बोलतच नव्हती. पत्रातल्या त्या एका शब्दावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दडवलं? ताई, मंदारने दडवलं?"

मी तिला ग्राहक सल्ला केंद्रात घेऊन गेले. तिथल्या सल्लागारबाई फ्राऊ केलरनी पत्र दोनदा वाचलं.

"आल्झो, म्हणजे असं बघा," त्या म्हणाल्या, "एजंट म्हणजे कायद्याने कंपनीचे डोळे आणि कान. त्याला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं. मग फॉर्मवर काहीही असो."

मला त्यांना टाळी द्यावीशी वाटली! मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "पण तो एजंट हे कोर्टात कबूल करेल?"

दावा स्नेहाचाच, त्यामुळे तिच्या शब्दाला साक्षीचं वजन नव्हतं. त्या खोलीत तिसरं माणूस एकच होतं.

* * *

मी तशीच प्रधानांकडे गेले.

"कंपनीने मलाही विचारलं होतं," ते म्हणाले. "अर्जदाराने आजाराविषयी काही सांगितलं होतं का म्हणून. छापील फॉर्म होता."

"मग?"

"'नाइन'वर खूण करून पाठवला."

"का?"

त्यांनी बराच वेळ टेबलावरचं प्लास्टिक गुळगुळीत केलं. "सवय, वहिनी."

त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. खरंच सांगते. वहीबद्दल विचारलं तर माझ्याकडे बघेनात. एकदा नोकरी गेलेला माणूस तो. आता खरं बोलला तर दुसरीही जाणार, हे त्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं, पण मला दया आली नाही.

* * *

रविवारी आमच्याकडे सगळे जमले. मंदारबद्दल हळहळून झालं. मग कुलकर्णी म्हणाले, "ती वही कोर्टात गेली तर आपली सगळ्यांची पानं उघडी पडतील. त्यांना सांगून टाका, फाडा म्हणावं!"

फ्राऊ केलरनी सांगितलेलं मी समजावून पाहिलं. प्रधानांनी ऐकलं म्हणजे कंपनीने ऐकलं, उलट ती वही आपल्याच बाजूची आहे. कोणी ऐकेना. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही माझ्या थायरॉईडचं पान आठवलं. त्याची लाज अजून जात नाही.

विनय तेवढा बोलला. "पॉलिसी मोडायची हिंमत आपल्यात नव्हती. वही फाडायची मात्र आहे!"

कुलकर्णींनी सगळ्यांसमोर स्पीकरवर फोन लावला. पलीकडून प्रधान म्हणाले, "बरं. बघतो."

* * *

कोर्टात प्रधान वही घेऊन आले. एकही पान फाटलेलं नव्हतं.

त्यांनी मंदारचं पान उघडलं, वरची तारीख सांगितली आणि मराठीत वाचलं. "चहा बिनसाखर. छातीत दुखतं, दोनदा डॉक्टर, ईसीजी. मीच लिहू नको म्हटलं. गणपतीत आठवणीने विचारायचं."

कोर्टाच्या दुभाष्याने ते जर्मनमध्ये सांगितलं. न्यायाधीशबाईंनी लिहून घेतलं, मग मान वर केली. "आणि विचारलंत?"

"नाही," प्रधान म्हणाले. "त्या वर्षी हॉलमध्ये फार गर्दी होती."

स्नेहा दावा जिंकली. मंदारने काहीही दडवलं नव्हतं, असं निकालात स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य तिने मला फोनवर तीनदा वाचून दाखवलं. प्रधानांची एजन्सी महिन्याभरात गेली.

* * *

पुढच्या गणपतीला प्रधान आले. सवयीने दारातच उभे राहिले, पण कोणाला काही विचारलं नाही. आम्हीही आपापल्या चपला बघत आत शिरलो. कुलकर्णी तर आरतीचं ताट घेऊन अक्षरशः पळाले.

मग इराचा हात धरून स्नेहा आली. दारात थांबली.

"काका, वही आहे?"

प्रधानांनी पिशवीतून वही काढली. मंदारचं पान त्यांना शोधावं लागलं नाही.

"लिहा," स्नेहा म्हणाली. "इरा रात्री झोपत नाही. माझं बीपी वाढलंय. तारीख घाला. आणि या वेळी विचारा."