चेंडूचा हेवा

स्क्वॉशचा चेंडू थंड असला की उसळतच नाही. म्हणून सामन्याआधी दोघं खेळाडू त्याला भिंतीवर बडवून गरम करतात. चार मिनिटांत गडी टुणटुणीत! माझ्या गुडघ्याला तेवढ्यासाठी अख्खा उन्हाळा लागतो.

आज हरलो तर माझी कारकीर्द संपली. आणि समोर एकोणीस वर्षांचा अर्जुन, जो नुसत्या जांभईत कोर्ट ओलांडतो. त्याच्यावर मी इतका जळलो, की भिंतीचा रंग पोपडला असेल. पण खरा हेवा वाटला तो चेंडूचाच.

“काका, तापला की! सुरू करू या?”

काका म्हणतो मेला! मी चेंडू मुठीत दाबला. चांगला चटका बसला.

“छे रे, गारच आहे अजून,” म्हणालो, आणि गुडघ्यासाठी आणखी दहा फटके मारून घेतले.