काळा पडणारा फोटो

कॉम्प्युटरवर फोटो उघडताना मोघे स्क्रीनकडे बघत नसत, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत. फोटो आधी छान उजळ यायचा आणि जेमतेम एखादा सेकंद गेला की आपोआप काळवंडायचा. त्या सेकंदात माणसाच्या चेहऱ्यावर जे उतरतं ते बघायला मिळावं म्हणूनच हा गृहस्थ या धंद्यात टिकून होता, असं माझं स्पष्ट मत आहे. फोटो काढण्यात त्यांना तेवढी गोडी नसावी.

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला, औषधांच्या दुकानावर त्यांचा स्टुडिओ होता. स्थळांना पाठवायचे फोटो ही त्यांची खासियत. स्वतः मोघे कुंडीतल्या ओल्या मातीच्या रंगाचे. "मला बघून फ्लॅशच डोळे मिटतो," असं तेच सांगत. एका नवरदेवानं गालावरचा डाग काढायला सांगितला, तेव्हा म्हणाले, "डाग काढतो. स्वभावाचं काय करायचं ते घरी ठरवा." असा माणूस लग्न जुळवण्याच्या धंद्यात कसा, हे कोडं कोणाला सुटलं नाही.

माझ्या मुलीला, मुक्ताला, घेऊन मी तिथे गेले तेव्हा तिला नुकती नोकरी लागली होती. फोटो लावायचा म्हणून बायोडेटाचा कागद सोबत नेला होता. त्यात रंगापुढे मी 'गव्हाळ' असं लिहिलं होतं. मोघ्यांनी तो वाचला, मुक्ताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठला गहू, बाई? लोकवन की सिहोर?"

मुक्ता खळखळून हसली. मला संताप आला. पण त्याच हसण्यात त्यांनी फोटो काढून घेतला होता. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर पोरगी झकास दिसत होती. मी खूश. मग आम्ही कॉम्प्युटरसमोर बसलो, फोटो उघडला, आणि एका सेकंदात तिच्यावर कोणी राखेचा हात फिरवल्यासारखं झालं.

"अहो, ही एवढी काळी नाहीये हो!" माझ्या तोंडून निघून गेलं.

मुक्ता शेजारीच स्टुलावर होती. तिनं पदर ओढून दोन्ही हातांवर घेतला, थंडी वाजावी तसा. मोघे माझ्याकडेच बघत होते.

"घाबरू नका, दोघांनी केलेला स्वयंपाक आहे हा," ते म्हणाले. "कॅमेरा कच्चा माल साठवतो, त्याला रॉ म्हणतात. आणि त्याच मालाचं एक ताट स्वतः वाढून ठेवतो, उजेड वाढवून, रंग चढवून. ते जेपेग. आधी दिसलं ते ताट. मग हा कॉम्प्युटर कच्चा माल काढून आपल्या हातानं रांधतो, आणि याचा हात आखडता. त्यातून, जरीचा पदर पांढराफटक पडू नये म्हणून मीच कॅमेऱ्याला उजेड कमी घ्यायला सांगितलंय. दाखवताना कॅमेरा तो गुपचूप वाढवून दाखवतो. त्याचं हे गुपित कॉम्प्युटरला ठाऊक नाही."

"मग खरा फोटो कुठला?"

"दोन्ही नुसती मतं. खरी मुलगी स्टुलावर बसलीय. तिला सोडून तुम्ही सगळीकडे बघताय."

हे ऐकून शहाणं व्हायला हवं होतं. मी काय केलं, तर मुक्ता साडी बदलायला आत गेल्याबरोबर आवाज खाली आणला. "जरा उजळ करा ना."

त्यांनी माऊस सरकवला. "एवढं?"

"अजून थोडं."

"आता?"

"अजून थोडं."

"बास, बाई. भिंत आणि मुलगी यांत फरक राहू द्या. नाहीतर मागणी भिंतीला येईल."

तोच फोटो मी वाघोलीच्या एका स्थळाला पाठवला. आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर मुलाची आई हातात मोबाइल धरून बसलेली. एकदा फोटो बघे, एकदा मुक्ताला. मॅचिंगच्या दुकानात साडीला अस्तर लावून बघावं, तसं चाललं होतं. शेवटी अगदी गोड आवाजात म्हणाली, "फोटोत वेगळी वाटली हो."

परतताना मुक्तानं विचारलं, "आई, फोटो कोणी गोरा केला?"

"त्या मोघ्यांनी. न विचारता."

इतकं सहज बोलून गेले की मलाच ते खरं वाटू लागलं. मग तेच मी जावेला सांगितलं, भिशीतल्या बायकांना सांगितलं: मोघे परस्पर माणसं गोरी करतात, जपून राहा. त्यांचा धंदा बसेल अशी माझी समजूत होती. पण मी आमच्या बायकांना ओळखलंच नव्हतं. महिनाभरात मोघ्यांच्या जिन्यात रांग लागली.

भाजीच्या गाडीवर ते भेटले. "उपकार झाले, बाई. इतकी बदनामी केलीत की जेवायला वेळ मिळत नाही. सकाळपासून माणसं पांढरी करतोय." मी मेथीच्या जुड्या उलटसुलट करत राहिले. माफी मागायला याहून सोपी वेळ मिळाली नसती. मी मेथी घेतली.

मुक्ताचं लग्न पुढे तिचं तिनंच जमवलं. त्याच्या आधी आणि नंतरही, सुट्टीच्या दिवशी ती फोटोचं काम शिकायला मोघ्यांकडे जायची. माझी मात्र पाचावर धारण बसलेली असे. घरी आली की मी तिचा चेहरा न्याहाळायची. "काका म्हणतात, फोटो उजळ करायला अक्कल लागत नाही, थांबायला लागते," असलं काहीतरी ती सांगे, आणि मी ओट्याकडे वळे. त्यांनी तिला सांगितलं नसावं, असं मी धरून चालले. धरून चालणं मला चांगलं जमतं.

या उन्हाळ्यात मोघे गेले. आम्ही दोघी भेटायला गेलो. समोर टेबलावर हार घातलेला त्यांचा फोटो होता. कोणीतरी मोबाइलवर कुठलंसं बटण दाबून तो सुधारला होता. मोघे चक्क गुलाबी झाले होते. गालावर लाली, कपाळ बेबी पावडर लावल्यासारखं. जमलेले लोक म्हणत होते, किती प्रसन्न दिसतायत.

"बरा आलाय ना हो फोटो?" मोघेवहिनींनी मला विचारलं.

जन्मभर मी गव्हाळ म्हटलं, निमगोरी म्हटलं, सावळी पण तरतरीत म्हटलं. तो एक सरळ शब्द कोणाबद्दल चांगल्या मनानं कधी वापरला नाही. पण त्या गुलाबी माणसाकडे बघून माझ्याच्यानं राहवेना.

"नाही, वहिनी. हे ते नव्हेत. ते काळे होते. चांगले काळे होते." खोलीतले लोक माझ्याकडे वळले. आता थांबले तर पुन्हा कधी बोलणार नाही, हे मला कळत होतं. "आणि मुक्ताचा फोटो त्यांनी गोरा केला नव्हता. मी करून घेतला, आणि गावभर त्यांच्या नावावर खपवला."

वहिनींनी पदरानं नाक पुसलं. "ठाऊक आहे मला. जेवताना कितीदा तुमचा आवाज काढून दाखवायचे. 'अजून थोडं, अजून थोडं!'" त्या रडता रडता हसल्या. मग मुक्ताला म्हणाल्या, "तुझ्याकडे असेल ना गं त्यांचा एखादा? आण बाई. हा काढून ठेवते."

घरी आल्या आल्या मुक्तानं लॅपटॉप उघडला आणि मला शेजारच्या खुर्चीत बसवलं. तिनं स्वतः काढलेला मोघ्यांचा फोटो, रॉ. खिडकीशी उभे, चष्मा कपाळावर, कोणाला तरी टोमणा मारायच्या बेतात. क्षणभर उजळ दिसले, आणि मग काळे पडले.

मुक्ता स्क्रीनकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी मोघ्यांवरची नजर काढली नाही. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं, ते तिनं सांगितलं नाही. माऊस हातात घेऊन म्हणाली, "थोडा उजेड वाढवू? काका एवढेही काळे नव्हते हो."

ते 'हो' माझंच होतं, स्टुडिओतलं, जसंच्या तसं.

"वाढव," मी म्हटलं. "आणि थांबायचं कुठे ते तूच ठरव."