पिलावाली मरळ

मिलिंदभाऊ उपाशी गेला.

आज वर्ष झालं. तेव्हा सगळ्यांनी स्टेटसला त्याचा फोटो ठेवला, "हसरा चेहरा हरपला" वगैरे लिहिलं. मी काहीच लिहिलं नाही. डोकं सुन्न होतं. आणि खरं सांगायचं तर रागही होता, त्याच्यावरच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मिलिंदभाऊ म्हणजे अमडापूरचा मोटर वाइंडिंगवाला. माझ्या वांग्याच्या वावरातली मोटर जळली तेव्हा ओळख झाली. पुढे मासे धरायच्या नादाने आम्ही एकमेकांना चिकटलो ते चिकटलोच.

आमच्या घरात मासा शिजत नाही. त्यामुळे गळाला जे लागेल ते भाऊच्या घरी जायचं. वहिनी रस्सा करायच्या आणि मी तिथंच जेवून यायचो.

मग भाऊच्या घशात गाठ निघाली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी आखाड लागायच्या सुमारास घरी पाठवून दिलं. "आवडेल ते खाऊ घाला," म्हणाले. याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला. पण घास उतरतच नव्हता. पातळ तेवढं जायचं, तेही कसंबसं.

एके दिवशी भाऊ म्हणाला, "गजा, मले मरळीचा रस्सा पाज बे. बस. बाकी काही नाही पाह्यजे."

आमच्याकडे आजारी माणसाला मरळच देतात. काटे कमी, आणि अंगात ताकद येते म्हणतात. मला वाटलं, एवढं तर आपण करू शकतो. घसा पुरता बंद व्हायच्या आत एक मरळ.

महिनाभर फिरलो.

येळगावच्या धरणावर चिलापीच चिलापी. पिशवी भरली, मरळ नाही.

पेनटाकळीला कतला लागला. असला कतला मी जन्मात धरला नव्हता, ओढता ओढता हात भरून आले. गाडीला बांधून आणला. भाऊने पडल्या पडल्या पाहिला आणि अंगठा दाखवला. वहिनींनी रस्सा केला, तर वासानेच त्याला मळमळलं. मग तो कतला कोणीच धड खाल्ला नाही.

खडकपूर्णाला गढूळ पाणी. दिवसभर गळाचं बूचसुद्धा हललं नाही.

पैनगंगेत काहीतरी मोठं लागलं आणि दोरी तोडून गेलं. ती मरळच होती असं मी अजूनही धरून चाललो आहे.

चिखलीच्या बाजारातही चकरा मारल्या. तिथं मरळ टोपलीत पडायच्या आधीच ढाबेवाले उचलायचे.

इकडे भाऊच्या पोटात जाणारे चमचे कमी होत चालले होते.

आणि मग गावामागच्या पाझर तलावात ती दिसली.

मरळीची पिलं लाल असतात. झुंडीने वर येतात, तेवढ्या जागेत पाणी चहासारखं उकळतं. माय खाली पहाऱ्याला असते. पिलांजवळ बेडूक लावून गळ टाकला की ती झडप घालतेच.

बेडूक लावला. आणि आनंदाच्या भरात फोन केला. नको होता करायला.

वहिनींनी फोन त्याच्या कानाशी धरला.

"भाऊ, मरळ भेटली! वहिनीले म्हण मसाला वाटा!"

भाऊने दम घेत घेत विचारलं,

"पिलावाली हाये का?"

"हाव."

"काढ गळ."

"भाऊ, एकच डाव. तुह्यासाठी."

"ते भुकेनं नाही येत बे. लेकरांपायी येते. तिले धरू नको."

हा नियम त्यानेच मला शिकवला होता. पण तेव्हा तो धडधाकट होता, नियम पाळणं परवडत होतं. मी काठावर उभा राहून त्याला शिव्या घातल्या. मोठ्याने. फोन चालूच होता, त्याने सगळ्या ऐकल्या.

मग बेडूक सोडून दिला आणि दोरी गुंडाळली.

संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. वहिनी वरणाचं पाणी पाजत होत्या. भाऊने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"मरळीत मीठ कमी पडलं," म्हणाला.

वहिनी हसल्या आणि उठून आत गेल्या. लवकर बाहेर आल्या नाहीत.

काही दिवसांनी तलावावर गेलो तर कोणीतरी जाळं लावलं होतं. माय गेली होती. पिलं विस्कटली होती आणि चिलाप्या त्यांना एकेक करून टिपत होत्या.

काय उपयोग झाला, सांगा ना. मरळ वाचली नाही, पिलं वाचली नाहीत आणि माझा माणूस वरणाच्या पाण्यावर.

त्या दिवशी भाऊने विचारलं, "पिलं कशी हायेत?"

"मोठी होऊन राह्यली भाऊ. लाल रंग चालला, काळी पडून राह्यली."

पिलं काळी पडली की मायला सोडून आपापल्या वाटेने जातात. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

"मंग वाचले," म्हणाला आणि डोळे मिटले. त्यानंतर त्याचा आवाज गेला तो गेलाच.

वर्षभर मी गळाला हात लावला नाही. मासा धरून नेऊ कुणाच्या घरी? वहिनी लेकीकडे राहतात. भाऊच्या वाइंडिंगच्या दुकानात आता कोणी मोबाइलची कव्हरं विकतं. मला रविवार आवडेनासा झाला आहे.

आज सकाळी भाऊसाठी बुद्धवंदना झाली. ती आटोपून तलावावर गेलो. गळ सोबत होता. का नेला ते विचारू नका.

लाल पिलं होती. पाणी उकळत होतं.

या वेळी अडवायला फोनवर कोणी नव्हतं. तरी गळ पिशवीतून काढला नाही.

त्याने बरं वाटलं असं लिहिलं असतं, पण वाटलं नाही. जाळंवाला उद्या येईल, नाहीतर परवा.

पण भाऊ, आज पिलं आहेत.

या वेळी खरंच आहेत रे.

शेवटचा जय भीम.
तुझा गजा