संत्र्याच्या फुलांचं सेंट

राहनाळच्या गोडाउनांकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात ती रोज सकाळी माझ्या शेजारी बसायची. पन्नाशीची बाई, साडीवर गोडाउनचं निळं जॅकेट. उतरायच्या आधी पर्समधून छोटी बाटली काढून दोन्ही मनगटांना सेंट लावायची. संत्र्याच्या फुलांचा मंद वास यायचा आणि त्यामागून तुळशीसारखा हिरवा. रस्त्याच्या धुरातही जिवाला शांत वाटायचं.

एकदा ड्रायव्हरशेजारी बसलेल्या माणसानं वळून हसत विचारलं, "मावशी, खोकी उचलायला सेंट कशाला?"

"खोकी फोर्कलिफ्ट उचलते, आणि ती मी चालवते," ती शांतपणे म्हणाली. "हे सेंटपण बाहेरच्या देशातून आमच्याच गोडाउनला येतं. लोकांसाठी लय उतरवलं, मग एक बाटली माझ्यासाठी इकत घेतली."

तो परत पुढे वळला. मी विचारलं, "चालवायला शिकलात कुठे?"

"इथंच. गोडाउन हाय ना, तिथं आमचं भाताचं शेत होतं. लावणीला दिवसभर वाकलेली असायची मी. आता त्याच जमिनीवर ताठ बसून काम करते."

ती उतरून गेटकडे गेली. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पण त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, रोज माझ्या शेजारी कोण बसतं ते.