पार्बताबाई आणि राजाचं पुस्तक

पार्बताबाई पुस्तक शेवटून उघडायच्या. शेवटची एक-दोन पानं उभ्या उभ्या वाचायच्या आणि त्यात कुणी मेलेलं असलं, की पुस्तक माझ्या टेबलावर परत. "नको भाऊ. मानूस आपल्या घरात येते, ओळखीचा होते अन् मरून जाते. कायले?" ब्रह्मपुरीच्या आमच्या वाचनालयात त्यांना सगळे 'शेवटपान बाई' म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी त्या काळीपिवळी जीपनं यायच्या, भाजीच्या थैलीत एक पुस्तक घालून न्यायच्या आणि नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. गोमाजींचा जन्म गावच्या तळ्यात जाळं टाकण्यात गेला होता. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिली.

गोमाजी अंथरुणाला खिळले त्या हिवाळ्यात बाईंनी कपाटातून दोन पुस्तकं काढली. एक जहाजावर उमर घालवलेल्या खलाशाच्या आठवणी, दुसरं एका राजाचं चरित्र. गोमाजींनी राजाचं मागितलं होतं. बाई बराच वेळ दोन्ही धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी खलाशी पुढे केला.

"यानं सोताच लिवलं, म्हंजे वाचला ना तो. राजाचं दुसऱ्यानं लिवलं."

पुढच्या बाजाराला त्या आल्या नाहीत. फोन आला तो गोमाजींचा. "भाऊ, जलमभर पान्यातच होतो. आता हे आनखी पानीच आयकवून राह्यली. मले राजा पाठवा."

मी स्वतःच पुस्तक घेऊन गेलो. पार्बताबाई माझ्यावर रागावल्या, पण चहा ठेवला.

महिन्याभरानं पुन्हा गेलो, तेव्हा बाई पुस्तक मिटून "संपलं" म्हणत होत्या.

"पानं उरली दिसतेत," गोमाजी खाटेवरून म्हणाले. "राजा मेला म्हनून मी मरीन का वो? वाच."

बाईंनी वाचलं. मधेच त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि पुढे वाचलं. राजा गेला. गोमाजींनी विचारलं,

"रानी जवळ होती म्हन्ते?"

"हो जी."

"मंग बरं झालं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते गेले. तेरावं झाल्यावर मी भेटायला गेलो. बाईंनी पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या,

"अर्धं पुस्तक त्याईनं झोपेतच आयकलं, भाऊ. पन शेवटी जागे होते."