पडद्यावर न आलेली नावं

बटर पॉपकॉर्नचा वास आला की जर्सी सिटीतलं ते लहानसं थिएटर आठवतं. मध्ये पुण्याहून आलेली आई, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिच्या लेखी माझा रूममेट. सिनेमा दोन पुरुषांच्या प्रेमाचा होता, असं प्रेम गुन्हा मानणाऱ्या देशातला. मी पडद्याऐवजी आईचा चेहराच बघत होतो. शेवटी कलाकारांच्या नावांच्या जागी नुसता काळोख आला. “नावं का नाहीत रे?” “नाव आलं तर तुरुंग, आई.” दिवे लागले तरी ती उठली नाही. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “इतके दिवस तुला रूममेटच म्हणत आले. पूर्ण नाव सांग बघू, वडिलांच्या नावासकट.” त्यानं सांगितलं. तो वारल्यापासून आई रोज दिवा लावताना ते पूर्ण नाव घेते. माझ्या तोंडून ते अजून निघत नाही.